पंधरावी फेरी

चौदाव्या फेरीच्या वळणावर राजनंदिनीनं छातीवर हात ठेवला. मैदानाच्या कडेनं दोनेकशे पोरं ओरडत होती, कर्ण्यावर लांब उडीच्या मुलांची नावं पुकारली जात होती, आणि तो हात वैजीनाथ गिराम सरांखेरीज कुणाच्याच नजरेत आला नाही. दोन पावलांपुरताच होता तो. पुढच्या पावलाला तिनं हात काढला, कोपरं अंगाशी घेतली आणि ती पळत राहिली. दुसऱ्या नंबरची मुलगी अर्ध्या फेरीनं मागं होती.

गेली नऊ वर्षं सर तालुक्याचे क्रीडा संयोजक होते. शालेय स्पर्धांचं सगळं, नोंदणीपासून निकालापर्यंत, त्यांच्याच हातून जायचं. आत्ता ते शेवटच्या रेषेपाशी उभे होते. गळ्यातली शिट्टी वाजवली असती तर शर्यत तिथंच थांबली असती. दोनशे मीटरचा ट्रॅक, पंधरा फेऱ्या, तीन हजार मीटर. एकच फेरी राहिलीय, त्यांनी मनाशी म्हटलं. शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि तशीच राहिली.

शेवटच्या फेरीची घंटा झाली. राजनंदिनी रेषा ओलांडून पंधराव्या फेरीत शिरली, वीस-पंचवीस पावलं पळाली, मग चालायला लागली. मग खाली बसली. आणि बसल्या जागी एका कुशीवर कलंडली.

पायात गोळा आला असेल असं पोरांना वाटलं. कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन निघालं. सर मात्र कधी पळायला लागले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. ते पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. डोळे उघडे, त्यांच्यावरच लागलेले. ओठ जांभळट पडले होते. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती आणि छातीतून बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता.

दोघा शिक्षकांनी तिला सरळ निजवायला हात लावला, तशी तिनं सरांची बाही धरली.

“बसवा सर. आडवं नका करू.”

तिला मागच्या सीटवर, आपल्या खांद्याला टेकवून बसवत सर शाळेच्या जीपमधून निघाले. तालुक्याच्या गावातला खाजगी दवाखाना मैदानापासून दहा मिनिटांवर होता. त्या दहा मिनिटांत सरांनी तिच्याकडं एकदाच पाहिलं. मग ते समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले, आणि तिचा श्वास मोजत राहिले. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईपर्यंत त्यांचा स्वतःचा श्वास अडकत होता.

वैजीनाथ गिराम हा मुळातच भ्यायलेला माणूस होता. शाळेला अनुदान नव्हतं त्या काळात त्यांनी अकरा वर्षं बिनपगारी पी.टी. शिकवली. सकाळी शाळेत शिट्टी, दुपारी दुसऱ्याच्या शेतात रोजगार. नोकरी कायम झाली तेव्हा डोक्यावर टक्कल पडलं होतं. इतक्या उशिरा हाती आलेली गोष्ट कुणीही कधीही काढून घेईल, ही धास्ती त्यांच्या अंगात मुरली ती मुरलीच. मैदानावर जे जे बिघडू शकतं ते त्यांना अगोदरच दिसायचं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ते सगळं मैदान पायी तुडवत, काचा, बाभळीचे काटे, गोटे वेचत. भालाफेकीच्या वेळी दोन्ही बाजूंनी दोर बांधून घेत आणि दोराच्या आत कुणाला, अगदी पाहुण्यांनाही, सोडत नसत. इतर शाळांचे शिक्षक हसायचे. गिराम सरांच्या मैदानावर पाखरूसुद्धा परवानगी काढून उतरतं, म्हणायचे. पण नऊ वर्षांत त्यांच्या मैदानावर एकाही पोराचं हाड मोडलं नव्हतं, हेही तेच शिक्षक सांगायचे.

अशा माणसाच्या हातून हे झालं होतं. आणि ते कसं झालं हे दोघांनाच ठाऊक होतं. एक ते स्वतः, आणि दुसरी त्यांच्या खांद्यावर मान टाकून धापा टाकत होती.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या सरावाला राजनंदिनी रस्त्याच्या पुलापाशी थांबली होती. कठड्याला टेकून उभी होती, वाकून. सर सायकलवर मागून आले. काय झालं विचारलं तर आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली की छातीत धडधडतंय, दोन महिन्यांपासून जिना चढला तरी धाप लागतेय, आणि रात्री सरळ निजलं की जीव घुसमटतो, म्हणून ती भिंतीला गोधडीची घडी लावून बसूनच झोपते. लहानपणी तिचे गुडघे सुजायचे, ताप यायचा, तेही तिनं सांगितलं. हे सगळं तिनं खाली बघून सांगितलं, चोरी कबूल केल्यासारखं.

सर म्हणाले होते की आजीला सांगतो, दवाखान्यात जाऊन ये.

तेव्हा ती पहिल्यांदा वर बघून बोलली. “आजीला नका सांगू सर. तिनं बापूला फोन केला की मला कोप्यावर नेत्याल. शाळा सुटंल माजी.”

तिचे आईबाप दरसाल सांगलीकडं ऊसतोडीला जायचे. तिथं उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोप्या घालून सहा महिने राहायचे. लहान भाऊ त्यांच्याबरोबर असायचा. राजनंदिनीला आजीपाशी गावी ठेवलं होतं ते एवढ्यासाठीच की ती पळते. सरांनीच तिच्या बापाला, रामहरीला, समजावलं होतं. पोरगी राज्यापर्यंत जाईल, असं ते बोलले होते. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारो पोरं गेली, पण असं पळणारं लेकरू एकच आलं होतं, आणि ते खोटं बोलले नव्हते.

पुलावर उभं राहून त्यांनी थोडा विचार केला. वाढीचं वय आहे, अंगात रक्त कमी असेल. त्यांनी तिला आठवडाभर सुट्टी दिली, गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं. आठ दिवसांनी तिला बरं वाटलं. निदान ती तसं म्हणाली. त्यांनी ते मानून घेतलं, कारण त्यांना ते मानायचंच होतं.

आणि आज सकाळी, शर्यतीच्या अगोदर बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली होती, “सर, परत धडधड व्हायलीय.” पळायचं की नाही, असं तिनं विचारलं नव्हतं. सरांनीही तिला विचारलं नव्हतं. ‘पाणी पी. पहिल्या दोन फेऱ्या हळू घे,’ एवढंच ते म्हणाले होते.

दवाखान्यात पेशंटांची दाटी होती. वार्डातल्या पोऱ्यानं तिला खाटेवर घेतलं, सिस्टरनं नाडी धरली आणि काय झालं म्हणून विचारलं. सर उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला, “उपाशी पळाली. चक्कर आली.”

मुख्याध्यापक दिनकरराव होते. मैदानावरून फोन गेल्याबरोबर ते मोटारसायकलवर निघाले होते. दिनकरराव वाईट माणूस नव्हते. आल्या आल्या त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. सिस्टरनं सलाईन लावली, तिला सरळ निजवलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. तसं दिनकररावांनी सरांना कोपऱ्यात, औषधांच्या खोक्यांपाशी ओढलं.

आवाज खाली घेऊन ते म्हणाले की पोरगी सकाळपासून उपाशी होती, हे एकच सगळ्यांनी सांगायचं. मग त्यांनी तो विषय काढला ज्याची सरांना जीपमध्ये बसल्यापासून भीती होती. पळणाऱ्या प्रत्येक पोराला डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. शाळेच्या बेचाळीस पोरांचे दाखले सरांनीच आणले होते, सगळे एका बैठकीत शिक्के मारून. एकाही पोराच्या छातीला नळी लागली नव्हती. वर्षानुवर्षं ते तसंच चालत आलं होतं, आणि प्रत्येक दाखल्याखाली ‘समक्ष तपासणी झाली’ या ओळीपुढं सही वैजीनाथ गिराम यांचीच होती.

“चार वर्षं राहिलीत तुमची,” दिनकरराव म्हणाले. “पोरगी संध्याकाळपर्यंत उठून बसंल. पण आता जे तोंडातून जाईल ते कागदावर जाईल. म्हणून म्हणतो, गिराम सर, तुमी काई बोलू नका.”

सरांनी मान हलवली. आपली मान हलतेय हे त्यांना जाणवलं, पण हलवतंय कोण ते कळेना.

डॉक्टर आल्या. धम्मशीला मॅडम, वयानं सरांच्या मुलीएवढ्या. त्यांनी राजनंदिनीच्या छातीला नळी लावली, कपाळाला आठी घालून बराच वेळ ऐकलं, पुन्हा पाठीला लावून ऐकलं. ठोके इतके जलद होते की त्यांना नीट उमगत नसावं. त्यांनी वळून विचारलं, हिला आधी कधी धाप लागली होती का, सांधे सुजले होते का, घरचं कुणी आहे का.

आजी यायलीय वाटेवर, दिनकरराव म्हणाले. दणकट पोरगी आहे, उपाशी होती इतकंच.

डॉक्टरीणबाईंनी सरांकडं पाहिलं. “तुम्ही तिचे सर ना? तुम्हाला काही माहीत आहे?”

खोलीत दुसऱ्या कुठल्या तरी खाटेवर एक तान्हं रडत होतं. सरांच्या डोळ्यांपुढं त्या क्षणी काय काय आलं ते त्यांना पुढं नीट आठवायचं नाही. निलंबनाचा कागद, गावातल्या चौकात थांबलेली माणसं, घरी तांदूळ निवडत बसलेली बायको बबिता. एवढं मात्र आठवायचं की खाटेच्या पायाकडं बघत ते म्हणाले, “उपाशी होती.”

डॉक्टरीणबाई रक्त तपासायला सांगून पुढच्या पेशंटकडं गेल्या. सलाईन भराभर थेंबत होती.

सर बाहेरच्या बाकावर बसले. हात मांड्यांखाली दाबून बसले. आत राजनंदिनी दोनदा खोकली. पोरगी मेली तर, हा विचार त्यांना जीपपासून येत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार येत होता: मेली तर पुलावरचं कुणालाच कळणार नाही. त्या दुसऱ्या विचारानं त्यांना जो घाम फुटला तसा पहिल्यानं फुटला नव्हता.

आजी, गोजरबाई, आली ती अनवाणी. शेतात कापूस वेचत असताना कुणीतरी निरोप दिला, तशी कमरेचा कापसाचा ओटा न सोडताच ती जीपमध्ये बसली होती. साठीची, वाळकी बाई. ओट्यातला कापूस सांडत ती आत गेली, नातीच्या पायांना हात लावला आणि परत बाहेर येऊन विचारायला लागली, काय झालं, कसं झालं.

दिनकररावांनी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. फिकीर करू नका मावशी, उपाशी पळाली म्हणून चक्कर आली, म्हणाले.

म्हातारीला ते उमजेना. “उपाशी? मी सोताच्या हातानं वाढलं की. दूद-भाकर खाऊन गेली.”

दिनकरराव हळू आवाजात म्हणाले की लेकरं शर्यतीच्या धास्तीनं खात नाहीत, ताटातलं कुत्र्याला घालतात, मोठ्यांना वाटतं खाल्लं.

गोजरबाईची नजर फरशीवर फिरत राहिली, जणू सकाळचं ताट तिथंच कुठंतरी पडलं होतं. मग ती बोलली, पण कुणाशीच नाही. “चूल फुकीत व्हते मी. बघितलंच न्हाई. वैरीण हाय मी.” आणि पदर तोंडात कोंबून, आवाज न करता, ती मागंपुढं डुलायला लागली.

सर तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. आतून पुन्हा खोकला आला. या वेळचा खोकला थांबेना. ते उठले, दारापर्यंत गेले. राजनंदिनी कोपरांवर उठून बसायची धडपड करत होती आणि तो पोऱ्या तिला खांद्यानं दाबून निजवत होता, सलाईनचा हात हलवू नको म्हणत होता. तिच्या तोंडाच्या कडेला फेस आला होता. फेसाला गुलाबी रंग होता.

सर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले ते दार न वाजवता. त्या एका म्हाताऱ्याला तपासत होत्या. दिनकरराव मागून ‘गिराम सर, गिराम सर’ करत येत होते.

“मॅडम, ती उपाशी न्हवती,” सर म्हणाले. “मी खोटं बोललो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूल, धडधड, जिन्यावरची धाप, भिंतीला टेकून झोपणं, लहानपणीचे सुजलेले गुडघे, आजची सकाळ. कुणी अर्ध्यात थांबवेल या भीतीनं ते न थांबता बोलत गेले. बोलताना ते टेबल धरून उभे होते. त्यांचं सांगून व्हायच्या आत डॉक्टरीणबाई उठल्या होत्या. त्या जवळजवळ पळतच गेल्या. सलाईन बंद केली, पोरीला उठवून बसवलं, पाठीशी उशा लावल्या, नाकाला ऑक्सिजन लावला, शिरेतून एक इंजेक्शन दिलं. मग पुन्हा छातीला नळी लावून, डोळे मिटून ऐकत राहिल्या.

तिच्या हृदयाची झडप खराब असावी, त्या म्हणाल्या. रक्त पुढं जात नाही, फुप्फुसात पाणी साचतंय. अशा पेशंटला सलाईन म्हणजे विष. इथं काही होणार नाही, परभणीला न्यावं लागेल, आत्ताच. एकशे आठला फोन करताना त्या सरांकडं बघून म्हणाल्या, “हे अर्ध्या तासापूर्वी सांगायला पाहिजे होतं.” रागावून नाही, कागदावर वेळ लिहावी तसं.

अँब्युलन्समध्ये सर आणि गोजरबाई समोरासमोर बसले. मध्ये राजनंदिनी, उशांना टेकून, तोंडावर मास्क. इंजेक्शननं थोडा फरक पडला होता. खळगी अजून ओढली जात होती, पण बुडबुडे कमी झाले होते. रस्ता खड्ड्यांचा होता, आणि प्रत्येक खड्ड्याला म्हातारी नातीचं पाऊल घट्ट धरायची.

तिला सांगायचं राहिलं होतं. डॉक्टरीणबाईंना सांगताना भीती होती, पण ती नोकरीची. ही वेगळी होती. शेवटी गाडी परभणीच्या फाटकापाशी थांबली, रेल्वे जाईपर्यंत इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत ते म्हणाले, “मावशी, तुमी वाढलेलं तिनं खाल्लं होतं. तुमची काई चूक न्हाई. तिनं मला सांगितलं होतं, जीव घाबरतो म्हणून. तीन आठवडे झाले. मी तुमाला कळू दिलं न्हाई.”

गोजरबाईनं ऐकलं. रेल्वेचे डबे एकेक करून गेले. सरांना वाटलं ती शिव्या देईल, चप्पल काढेल, पण पायात चप्पलच नव्हती.

“मला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर मी दवाखान्यात नेलं असतं का न्हाई, काय की. मी म्हनले असते, मोटी व्हायलीय, व्हतंय असं.” मग ती पुढं म्हणाली, “पर मला सांगाया पायजे व्हतं, गुरजी. माजी नात हाय ती.”

यानंतर परभणीच्या दवाखान्यापर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढंही बरेच दिवस बोलली नाही.

सरकारी दवाखान्यात पोरीला आत घेतलं. छातीची सोनोग्राफी झाली. झडप आकसून सुईच्या भोकाएवढी झालीय, तिथले डॉक्टर म्हणाले. लहानपणीच्या सांधेतापाचा तो परिणाम होता. आणखी अर्धा तास तशीच सलाईन चालू राहिली असती तर इथवर आली नसती, असंही कुणीतरी म्हणालं. सरांनी ते ऐकलं आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामहरी आला. सांगलीहून एस.टी. बदलत बदलत. अंगातल्या शर्टाच्या बाह्या खाली ओढलेल्या, तरी मनगटांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे दिसत होते. सरांना त्याची इतकी भीती वाटत होती की तो दारात दिसल्याबरोबर ते बाकावरून उठून उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सोडून, मार खायला उभं राहावं तसे. मध्ये पडू नको, असं त्यांनी परभणीला आलेल्या बबिताला आधीच सांगून ठेवलं होतं.

रामहरी आधी आत जाऊन लेकीला बघून आला. मग येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. फोनवर त्याला सगळं कळलं होतं, सरांनीच सांगितलं होतं. तो स्वतःच्या तळहातांकडं बघत होता.

“माज्यापशी ती कदी बोलली नसती,” तो म्हणाला. “तिच्या मायपशी बी न्हाई. तुमच्यापशी बोललं लेकरू.”

एवढंच. त्यात दोष होता की दुसरं काही, ते सरांना तेव्हा कळलं नाही, आणि नंतरही, इतक्या वेळा ते वाक्य मनात घोळवूनही, कळलं नाही. मार पडला असता तर सोपं गेलं असतं, असं मात्र त्यांना अनेकदा वाटलं.

पंधरा दिवसांनी संभाजीनगरला, सरकारी योजनेतून, मांडीतून नळी घालून तिची झडप फुगवून मोकळी केली. रामहरी फडावर परत गेला. जाताना त्यानं लेकीला नेलं नाही. तिला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन लागणार होतं आणि ते गावाजवळ मिळणार होतं. शाळा राहिली. पळणं गेलं.

चौकशी पाच महिने चालली. अधिकारी आले, जबाब झाले. दिनकररावांनी जबाबाचा मसुदा सौम्य करून दिला होता. घरी नेऊन सरांनी तो वाचला आणि बाजूला ठेवून स्वतःच्या अक्षरात दुसरा लिहिला. बेचाळीस दाखल्यांचं त्यात होतं, पुलाचं होतं, ‘उपाशी होती’ हेही होतं. लिहिताना ते इतके घाबरलेले होते की बबितानं दोनदा येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ते धीट झाले वगैरे काही नाही. त्या पाच महिन्यांत दारात पोस्टमन दिसला की ते बबितालाच पुढं पाठवायचे. नोकरी वाचली. क्रीडा संयोजकपद गेलं, पी.टी.चे तास गेले. त्या जागी एक तरणा मास्तर आला आणि सरांकडं ग्रंथालय आणि पाठ्यपुस्तकांचं वाटप दिलं. पुढच्या वर्षीपासून तालुक्यात दाखल्यांसाठी डॉक्टर शाळेत येऊन एकेका पोराला तपासू लागले. ते कुणामुळं, याची कुठं नोंद नव्हती, आणि सरांनीही कुणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि ग्रंथालयाची खोली त्याच्या शेजारी. पहिल्या दिवशी घंटा झाली तशी सगळी पोरं धडाधडा जिना चढून गेली. राजनंदिनी मागं राहिली. वेणी घातलेली, थोडी अंगानं भरलेली. डॉक्टरांनी जिना सावकाश चढायला सांगितला होता. ती कठड्याला हात लावून एकेक पायरी चढू लागली.

सर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जिन्याच्या तळाशी आले होते. त्यांनी तिला पाहिलं. त्या दिवसानंतर दोघं असे समोरासमोर पहिल्यांदाच येत होते. पुढं होऊन निघून जावं की खालीच थांबावं, त्यांना कळेना. मग तेही चढू लागले, तिच्या दोन पायऱ्या मागून.

नवव्या पायरीवर ती थांबली. सरही थांबले. त्यांनी गठ्ठा कठड्यावर टेकवला आणि वरच्या पुस्तकाची सैल झालेली दोरी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

“तुमी जावा की सर पुढं,” ती म्हणाली.

“मला कुटं घाई हाय,” सर म्हणाले.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं पुढच्या पायरीवर पाय ठेवला. सरांनी दोरीची गाठ अर्धवटच सोडली, गठ्ठा उचलला आणि तेही एक पायरी चढले.